लहान ट्रॅक्टरास हायड्रॉलिक टॉप लिंक व बाजूची लिंक : उपयोग, निवड आणि सावधगिरी

ज्या जिल्ह्यास २०२४ सालापर्यंत अहमदनगर म्हणत, त्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत लहान ट्रॅक्टराचा प्रसार दिवसेंदिवस वाढत आहे. संगमनेर व राहाता तालुक्यांतील डाळिंबाच्या बागा, श्रीगोंद्याकडील लिंबाच्या बागा, राहुरी, नेवासें व पारनेर या भागांतील कांद्याचे वाफे आणि गोदावरी, प्रवरा व मुळा यांच्या कालव्यांखालचा ऊस, या सर्व ठिकाणीं पंधरा ते तीस अश्वशक्तीचे आटोपशीर ट्रॅक्टर आतां नेहमींचे झाले आहेत. ट्रॅक्टर घेतांना आपण त्याची अश्वशक्ति पाहतों, डिझेल किती लागतें तें विचारतों, किंमतीची घासाघीस करतों. परंतु ज्या दुव्यांनीं अवजार ट्रॅक्टरास जोडलें जातें, त्यांकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वास्तविक नांगर किती खोल लागेल, वाफा समपातळींत येईल कीं नाहीं, सरीचें पाणी शेवटपर्यंत पोहोंचेल कीं मध्येंच फुटेल, हें पुष्कळ अंशीं या दुव्यांच्या लांबीवर अवलंबून असतें.

हे दुवे हातानें फिरवून लांब-आंखूड करण्याऐवजीं तेलाच्या दाबानें, चालकाच्या बसल्या जागेवरून, लांब-आंखूड करण्याची सोय आतां लहान ट्रॅक्टरासहि करतां येते. ती कोणास लाभदायक आहे, कोणाचा पैसा तींत व्यर्थ जाईल, आणि ती निष्काळजीपणें बसविल्यास जिवावर कसें बेतेल, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

तीन दुव्यांची जोडणी

ट्रॅक्टराच्या मागें अवजार तीन ठिकाणीं जोडलेलें असतें. खालीं डावा व उजवा असे दोन हात असतात. ओढण्याचें काम ते करतात. मध्यभागीं, वरच्या अंगास, तिसरा दुवा असतो. तीच टॉप लिंक. खालच्या दोन हातांस उचलून धरणारे दोन उभे गज असतात, त्यांस लिफ्ट रॉड किंवा बाजूच्या लिंका म्हणतात. यांपैकीं टॉप लिंक मधल्या आट्यांनीं लांब-आंखूड होते. बाजूच्या लिंकांपैकीं बहुधा उजव्या लिंकेस अशीच सोय असते. हातळ फिरविली कीं उजवा हात वर किंवा खालीं होतो.

ही रचना हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाची होय. तत्पूर्वीं नांगर साखळीनें किंवा आंकड्यानें ट्रॅक्टरामागें ओढला जाई. नांगर दगडांत अडकला कीं मागचीं चाकें जोर करीत राहत, ट्रॅक्टराचें तोंड वर उचले आणि तो मागें चालकावर उलटे. अशा अपघातांत अनेकांचे प्राण गेले. फर्ग्युसन यांनीं नांगर हा ट्रॅक्टराचाच एक अवयव बनविला. जमीन नांगरास जो अडथळा करते त्याचा रेटा टॉप लिंकमधून पुढें येतो आणि पुढचीं चाकें उचललीं जाण्याऐवजीं जमिनीवर दाबलीं जातात. डेव्हिड ब्राउन यांच्या साहाय्यानें १९३६ सालीं असा ट्रॅक्टर विक्रीस निघाला. १९३८ सालीं फर्ग्युसन व हेन्री फोर्ड यांच्यामध्यें केवळ हस्तांदोलनावर करार झाला, आणि १९३९ सालीं फोर्डचा ट्रॅक्टर याच जोडणीसह बाजारांत आला. १९४६ पासून कॉव्हेन्ट्री येथें फर्ग्युसनचा स्वतःच्या नांवाचा लहान ट्रॅक्टर तयार होऊं लागला. आज ट्रॅक्टर कोणत्याहि कारखान्याचा असो, त्याच्या मागची जोडणी मूळची हीच आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. टॉप लिंक ही केवळ अवजार सरळ धरण्याची काठी नव्हे. ट्रॅक्टर उलटूं न देणारा तो एक आधार आहे. म्हणून तिच्या जागीं जी वस्तु बसवावयाची, ती तितकीच भरंवशाची असली पाहिजे.

बैलाचा नांगर व ट्रॅक्टराचा नांगर

बैलांच्या नांगराचा रुमणें धरणारा मनुष्य चालतां चालतां नांगर सुधारीत असे. जमीन कठीण लागली कीं रुमण्यावर भार देई, खडक दिसला कीं नांगर उचली, तास कलला कीं मनगट वळवून तो सरळ करी. हा सारा हिशेब हातांत होता. त्यासाठीं त्यास थांबावें लागत नसे. ट्रॅक्टर आला आणि शक्ति वाढली, परंतु हा हात गेला. लिव्हरनें अवजार वर-खालीं करतां येतें हें खरें. पण तें पुढें-मागें कलवावयाचें किंवा डावी-उजवीकडे झुकवावयाचें तर ट्रॅक्टर थांबवून, खालीं उतरून, टॉप लिंक किंवा उजवी हातळ फिरवावी लागते. कामाच्या घाईंत हें कोणी करीत नाहीं. सकाळीं जें जुळवून ठेवलें त्यावरच संध्याकाळपर्यंत काम चालतें, मग जमीन काळी असो, मुरमाड असो, चढाची असो कीं उताराची असो.

हायड्रॉलिक लिंकांचा खरा उपयोग इतकाच आहे कीं त्या हा गेलेला हात चालकास परत देतात. त्या ट्रॅक्टराची शक्ति वाढवीत नाहींत, डिझेल आपोआप वांचवीत नाहींत, व अडाणी चालकास कुशलहि करीत नाहींत.

टॉप लिंकनें काय घडतें

टॉप लिंक आंखूड केली कीं अवजाराचें वरचें टोंक पुढें ओढलें जातें, त्याचें तोंड खालीं झुकतें व शेपूट वर उचलतें. नांगराचा फाळ अधिक टोंचतो, ब्लेड अधिक माती कापतें. लिंक लांब केली कीं शेपूट खालीं बसतें, फाळाचें टोंक वर होतें, ब्लेड माती कापण्याऐवजीं पसरतें व चोपडें काम करतें.

याचें प्रमाण किती, हें साध्या हिशेबानें कळतें. लहान ट्रॅक्टरांवर पुष्कळ ठिकाणीं वापरली जाणारी पहिल्या प्रतीची जोडणी घेतली, तर अवजाराच्या खालच्या पिना व वरची पिन यांमधील उभें अंतर सुमारें ४६० मिलिमीटर, म्हणजे १८ इंच असतें. टॉप लिंक १ इंच आंखूड केली, तर खालच्या पिनांपासून ३६ इंच मागें असलेला अवजाराचा भाग सुमारें २ इंच वर उचलला जातो. दोन-तीन आटे फिरविल्यानें तासांत एवढा फरक कां पडतो, त्याचें कारण हेंच. हायड्रॉलिक टॉप लिंकमध्यें हा फरक चालकास बसल्या जागीं, तास चालू असतांना, करतां येतो.

बाजूच्या लिंकनें काय घडतें

उजव्या लिफ्ट रॉडच्या जागीं हायड्रॉलिक जॅक बसविला कीं अवजाराची उजवी बाजू डावीपेक्षां वर किंवा खालीं करतां येते. येथें हिशेब अधिक जपून करावा लागतो. पहिल्या प्रतीच्या जोडणींत खालच्या दोन पिनांमधील अंतर ६८३ मिलिमीटर, म्हणजे सुमारें २७ इंच असतें. कांहीं अरुंद ट्रॅक्टरांवर तें याहूनहि कमी असतें. लिफ्ट रॉड खालच्या हाताच्या मधोमध जोडलेला आहे असें धरलें, तर रॉड १ इंच आंखूड झाल्यानें पिन २ इंच वर जाते. पिनांमधील २७ इंचांत २ इंचांचा फरक पडला, म्हणजे ५ फूट रुंदीच्या ब्लेडाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जवळ जवळ साडेचार इंचांचा फरक पडतो. यावरून दिसून येईल कीं बाजूच्या लिंकेस लांब दट्ट्याची मुळींच गरज नसते. तीन-चार इंचांची चाल पुष्कळ होते. अधिक चालीचा जॅक बसविला तर खालच्या हातांचे गोल सांधे पिळवटतात, आणि अरुंद ट्रॅक्टरावर हात किंवा साखळी टायरला घासते.

आपल्या जिल्ह्यांतील कोणत्या कामांस उपयोग

पहिलें काम चरांचें. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें आणि प्रवराकांठास ऊस आला. त्याचबरोबर जेथें पाण्याचा निचरा नाहीं तेथें खारवट व चिबड जमिनीहि आल्या. अशा जमिनींत उथळ चर दरवर्षीं साफ ठेवावे लागतात. ब्लेडाचें एक टोंक बाजूच्या लिंकनें खालीं झुकविलें, कीं त्याच्या कोपऱ्यानें तिरकस कांठाचा चर पाडतां येतो. प्रत्येक फेरीस कोपरा थोडा अधिक झुकवावा, आणि शेवटच्या फेरीस टॉप लिंक लांब करून निघालेली माती पसरावी. हें काम हातळ फिरवून करणें म्हणजे प्रत्येक फेरीस दोनदां उतरणें होय. ज्यास असें काम वर्षांतून पुष्कळ दिवस असतें, त्यास दोन्ही लिंकांचा पैसा वसूल होतो.

दुसरें काम ताली, बांध व शेतरस्ते यांचें. पारनेर, पाथर्डी व संगमनेरचें पठार या भागांतील हलक्या, उताराच्या जमिनींत माती धरून ठेवणें हेंच शेतीचें मूळ आहे. राळेगण सिद्धी व हिवरे बाजार या गांवांनीं पाणी व माती अडवून काय साधतां येतें तें अवघ्या देशास दाखविलें आहे. मोठीं बांधबंदिस्तीचीं कामें मोठ्या यंत्रांचीं. परंतु पावसाळ्यापूर्वीं फुटकी ताल सांधणें, वाहून आलेली माती पुन्हां वर ओढणें, रस्त्यास मधून उंच व कडेस उतार देणें, हीं कामें लहान ट्रॅक्टर व ब्लेड यांनीं होतात. आडव्या उतारावर ट्रॅक्टर स्वतःच कललेला असतो. बाजूची लिंक नसली तर ब्लेडहि तितकेंच कलतें. ती असली तर ट्रॅक्टर कललेला असूनहि ब्लेड समपातळींत ठेवतां येतें.

तिसरें काम बागेचें. डाळिंबाची लागवड साडेचार मीटर बाय तीन मीटर या अंतरावर केलेली असल्यास दोन ओळींमधून लहान ट्रॅक्टर सहज जातो. बुंध्याजवळ अवजार खोल गेलें कीं तंतुमुळें तुटतात आणि त्या जखमांतून मर रोगाच्या बुरशीस वाट मिळते, हें बागाईतदारांस सांगावयास नकोच. कोळपणी वा मोगडणी करतांना ज्या बाजूस झाड आहे ती बाजू उथळ व ओळींमधली बाजू थोडी खोल ठेवतां आली, तर तण निघतें आणि मुळें वांचतात. एका पट्ट्यांत डाव्या ओळीच्या कडेनें जावें व पलीकडच्या ओळीच्या कडेनें परत यावें. असें केलें म्हणजे जातांना व येतांना झाडें डाव्याच हातास राहतात. उजवी लिंक थोडी लांब करून उजवी बाजू खालीं ठेवली कीं दोन्ही फेऱ्या सारख्या होतात, आणि मधल्या फेरीस लिंक पुन्हां समपातळींत आणतां येते. हें कोळप्याच्या फणांस लागू आहे. रोटावेटर मात्र फार झुकवून चालवूं नये; एका बाजूचीं पातीं लवकर झिजतात व गिअरपेटीवर तिरपा भार येतो.

चवथें काम कांद्याचे गादीवाफे व उसाच्या सऱ्या यांचें. येथें जमीन एकसारखी असल्यास सकाळीं एकदां नीट जुळविलेली साधी लिंक पुरते. जमीन कोठें भुसभुशीत तर कोठें कडक असली, तरच हायड्रॉलिक टॉप लिंकनें वाफ्याची उंची सारखी ठेवण्यास मदत होते.

पांचवें काम नांगरटीचें, आणि येथें पुष्कळांचा गैरसमज होतो. साध्या एकतर्फी नांगराचा पहिला तास काढतांना ट्रॅक्टराचीं दोन्ही चाकें सपाटीवर असतात. दुसऱ्या तासापासून उजवें चाक तासांत उतरतें व ट्रॅक्टर उजवीकडे कलतो. तेव्हां उजवी लिंक आंखूड करून नांगर सरळ करावा लागतो. हायड्रॉलिक लिंकेस येथें चांगला उपयोग आहे. पलटी नांगराची गोष्ट निराळी. त्यांत जातांना उजवें चाक तासांत असतें तर येतांना डावें. म्हणून दोन्ही लिफ्ट रॉड सारख्या लांबीचे ठेवावे लागतात, आणि नांगराचा कल त्याच्या स्वतःच्या दोन्ही बाजूंच्या बोल्टांनीं जुळवावा लागतो. पलटी नांगरासाठीं म्हणून कोणी बाजूची हायड्रॉलिक लिंक घेत असेल, तर त्याचा पैसा वायां जाईल.

कोणीं घेऊं नये

ज्याचें काम मुख्यतः रोटावेटर, फवारणीचें यंत्र व ट्रॉली एवढेंच आहे, त्यास या लिंकांची गरज नाहीं. ज्याचा ट्रॅक्टर जुना असून लिफ्ट आधींच खालीं बसते, त्यानें प्रथम लिफ्ट दुरुस्त करावी. आणि ज्याच्या टॉप लिंकचे आटे गंजून घट्ट बसले आहेत किंवा उजवी हातळ वर्षानुवर्षें फिरविलेली नाहीं, त्यानें त्यांस ग्रीस घालून तीं मोकळीं करावीं व आट्यांवर रंगाच्या खुणा कराव्या. नांगरासाठीं एक, ब्लेडासाठीं दुसरी, वाफ्यासाठीं तिसरी. एवढ्यानेंच निम्मा लाभ पदरांत पडतो व खर्च जवळजवळ कांहींच होत नाहीं.

निवड करतांना काय पहावें

पहिली गोष्ट तेलाची सोय. ट्रॉली उचलण्यासाठीं जी एक नळी काढलेली असते, तिच्यांत तेल दाबानें एकाच दिशेस जातें. परत येतें तें ट्रॉलीच्या वजनानें. हायड्रॉलिक लिंकेस दोन्ही दिशांनीं दाब लागतो. म्हणून दुहेरी क्रियेची झडप, म्हणजे दोन नळ्यांची सोय, ट्रॅक्टरावर असली पाहिजे. पलटी नांगर हायड्रॉलिक असेल तर ही सोय बहुधा असतेच. टॉप लिंक व बाजूची लिंक दोन्ही हव्या असल्यास अशा दोन झडपा लागतात.

दुसरी गोष्ट लांबी. सध्यांची साधी लिंक सर्वांत आंखूड केली असतां पिनेपासून पिनेपर्यंत किती भरते आणि सर्वांत लांब केली असतां किती भरते, तें मोजून लिहून न्यावें. जॅक मिटलेल्या स्थितींत फार लांब असेल तर नांगराचें तोंड खालीं झुकणारच नाहीं. पिनांची जाडीहि पहावी. पहिल्या प्रतीच्या जोडणींत टॉप लिंकची पिन १९ मिलिमीटर व खालच्या हातांच्या पिना २२ मिलिमीटर असतात. दुसऱ्या प्रतींत त्या अनुक्रमें २५ व २८ मिलिमीटर असतात. मोठ्या भोंकांत लहान पिन घालून धकवूं नये.

तिसरी गोष्ट जोर. नळकांड्याचा आंतील व्यास ५० मिलिमीटर असेल तर दट्ट्याचें क्षेत्रफळ सुमारें साडेएकोणीस चौरस सेंटिमीटर होतें. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅम धरल्यास ढकलण्याचा जोर सुमारें २९०० किलोग्रॅम येतो. ओढतांना मधल्या दांड्याची जागा वजा होते. दांडा २५ मिलिमीटर असेल तर जोर सुमारें २२०० किलोग्रॅम राहतो. लहान ट्रॅक्टरास हा पुरेसा आहे. बाजूच्या लिंकवर अवजाराचा भार नेहमीं लोंबकळत असतो, म्हणजे ती सदैव ओढीखालीं असते. म्हणून तिचा हिशेब ओढण्याच्या जोरावरच करावा.

चवथी गोष्ट वेग. ५० मिलिमीटर व्यासाच्या व २०० मिलिमीटर चालीच्या जॅकांत अर्ध्या लिटरहूनहि कमी तेल मावतें. पंप मिनिटास १८ लिटर तेल देत असेल, तर सबंध दट्ट्या दीड सेकंदाच्या आंत बाहेर पडेल. चालकास हवा असतो पाव इंच आणि मिळतो दोन इंच, असा प्रकार होतो. यासाठीं नळीच्या तोंडाशीं बारीक छिद्राची चकती किंवा तेलाचा ओघ कमी करणारी झडप बसवून घ्यावी. हिच्यावांचून कित्येकांनीं ही लिंक उपयोगाची नाहीं म्हणून काढून ठेवलेली असते. दोष लिंकेचा नसून वेगाचा असतो.

पांचवी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट कुलुपी झडपेची. ट्रॅक्टरावरच्या झडपेंतून तेल हळूहळू झिरपतें आणि लिंक आपोआप लांब-आंखूड होते. यासाठीं जॅकावरच अशी झडप असावी, कीं दाब आल्यावांचून तेल आंत किंवा बाहेर जाऊं शकणार नाहीं. ही झडप नळीच्या ट्रॅक्टराकडील टोंकास बसविली तर नळी फुटल्यावर तिचा कांहीं उपयोग होत नाहीं. ती जॅकाच्या अंगासच पाहिजे. हिची परीक्षा सोपी आहे. ब्लेड जोडून तें जमिनीपासून थोडेंच उचलावें, इंजिन बंद करावें, दट्ट्याच्या दांड्यावर खडूची खूण करावी आणि अर्ध्या तासानें पहावें. खूण हलली असेल तर तो जॅक परत करावा. ही परीक्षा चालू असतां अवजाराखालीं हात-पाय घालूं नये.

ट्रॅक्टर नवा घ्यावयाचा असल्यास विक्रेत्याकडे बुदनीचा चांचणी-अहवाल मागावा. मध्य प्रदेशांतील बुदनी येथें १९५५ पासून केंद्र सरकारची संस्था असून तेथें ट्रॅक्टरांची चांचणी होते. अहवालांत पंपाचें तेल देण्याचें प्रमाण व लिफ्टची उचलण्याची शक्ति दिलेली असते. जाहिरातीपेक्षां हे आंकडे अधिक विश्वसनीय होत.

तेलाची स्वच्छता

पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरपेटी व हायड्रॉलिक यांचें तेल एकच असतें. दुसऱ्याच्या ट्रॉलीचा किंवा भाड्याच्या नांगराचा धुळीनें भरलेला सांधा आपल्या ट्रॅक्टरास जोडला, कीं ती धूळ प्रथम झडपेंत, मग पंपांत व शेवटीं गिअरांपर्यंत जाते. आपल्याकडील उन्हाळ्यांतील धूळ लक्षांत घेतां याची काळजी अवश्य घेतली पाहिजे. नळ्या सोडल्याबरोबर त्यांच्या तोंडांवर टोपणें घालावीं, जोडण्यापूर्वीं सांधे स्वच्छ फडक्यानें पुसावे, आणि जॅक नवा जोडल्यावर तो दोन-तीन वेळां पूर्ण उघडून-मिटून आंतील हवा काढून टाकावी. मग तेलाची पातळी पुन्हां पहावी, कारण जॅकांत गेलेलें तेल पेटींतून कमी झालेलें असतें.

जिवाचे धोके

पहिला धोका नळीचा. दाबाखालच्या तेलाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आंत जाते. जखम कांटा टोंचल्याएवढी दिसते, दुखतेंहि थोडें. परंतु आंतील मांस कांहीं तासांत सडूं लागतें व बोट किंवा हात कापावा लागण्याची वेळ येते. म्हणून गळती कोठें आहे तें बोटानें कधींहि चांचपूं नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पहावें. तेल कातडींत गेल्याचा संशय जरी आला, तरी हळद लावून घरीं बसूं नये. त्याच घटकेस शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यांत जावें, आणि दाबाचें तेल आंत गेलें आहे असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.

दुसरा धोका उलटण्याचा. लहान ट्रॅक्टर हलका व अरुंद असतो. आडव्या उतारावर अवजार उंच उचलून आणि तेंहि एका बाजूस झुकवून वळल्यास भार उताराकडे जातो. अशा वेळीं कुलुपी झडप नसेल व नळी फुटली, तर अवजाराची एक बाजू एकदम खालीं पडून टायरवर आदळते, आणि ट्रॅक्टर सांवरण्यास वेळ राहत नाहीं. नियम असा ठेवावा: वळण्यापूर्वीं अवजार समपातळींत आणावें, जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकेंच उचलावें, आणि रस्त्यावरून नेतांना बाजूची लिंक मध्यावर ठेवावी. ट्रॅक्टरास संरक्षक कमान असल्यास बागेंतून बाहेर पडतांच ती उभी करावी व पट्टा बांधावा.

तिसरा धोका फिरत्या दांड्याचा. रोटावेटर उचललेला असतां टॉप लिंक आंखूड केली तर त्याचें शेपूट आणखी वर जातें व पी.टी.ओ.च्या सांध्यांचा कोन फार वाढतो. दांडा फिरत असतांना असें केल्यास सांधा तुटून त्याचे तुकडे चालकाच्या अंगावर येऊं शकतात. रोटावेटर उचलण्यापूर्वीं पी.टी.ओ. बंद, हा नियम या लिंका बसविल्यावर अधिकच कसोशीनें पाळावा. आणि इंजिन चालू असतां ट्रॅक्टर व अवजार यांच्या मध्यें उभें राहून कोणीहि लिव्हर हलवूं नये. विशेषतः मुलांस तेथें फिरकूं देऊं नये.

खर्चाचा विचार

किंमती बदलत असतात, म्हणून येथें आंकडे न देतां हिशेबाची रीत देतों. ब्लेडाच्या कामांत दिवसांतून चाळीस वेळां लिंक फिरवावी लागते असें समजा. दर वेळीं थांबणें, उतरणें, फिरविणें व पुन्हां चढणें यांस दोन मिनिटें धरलीं, तर ऐंशीं मिनिटें गेलीं. ट्रॅक्टर भाड्यानें देणाऱ्यानें एका तासाचें भाडें गुणिले वर्षांतील अशा कामाचे दिवस, असा गुणाकार करावा. तो दोन-तीन वर्षांत लिंकांची, झडपेची व बसविण्याची किंमत भरून काढीत असेल, तर घ्यावी. नसेल तर घेऊं नये. कर्ज काढून तर केवळ हौसेखातर मुळींच घेऊं नये. दोन्ही एकदम घेणें शक्य नसल्यास ब्लेडवाल्यानें व चर काढणाऱ्यानें आधीं बाजूची लिंक घ्यावी, आणि ज्याची जमीन घडोघडी बदलते अशा नांगरटवाल्यानें आधीं टॉप लिंक घ्यावी.

भागीदारीनें घेण्याचा विचार कोणाच्या मनांत येईल. लिंक व जॅक हे प्रत्येक ट्रॅक्टराच्या मापाचे असतात. ते या ट्रॅक्टरावरून त्या ट्रॅक्टरावर हलविणें सोयीचें नाहीं, आणि तसें करतांना तेलांत धूळ जातेच. ब्लेड मात्र चार जणांनीं मिळून घेण्यासारखें आहे. कृषि-यांत्रिकीकरणाच्या सरकारी योजनांतून अवजारांस साहाय्य मिळतें, तें कोणत्या अवजारास लागू आहे याची तालुका कृषि अधिकाऱ्यांच्या कचेरींत आधीं चौकशी करावी व मगच खरेदी करावी. ज्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं प्रवरानगरास स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना उभारून १९५०-५१ च्या हंगामांत चालू केला, त्यांस चार जणांत एक ब्लेड वापरणें अवघड वाटूं नये.

१९६८ सालीं स्थापन झालेलें महात्मा फुले कृषि विद्यापीठ राहुरी येथें, आपल्या जिल्ह्यांतच आहे आणि तेथें कृषि अभियांत्रिकीचें महाविद्यालयहि आहे. आपल्या संस्थेनें तेथील तज्ज्ञांच्या साहाय्यानें प्रत्येक तालुक्यांत एखादें प्रात्यक्षिक घडवून आणावें: एकाच शेतांत एक पट्टा साध्या लिंकनें व एक पट्टा हायड्रॉलिक लिंकनें करावा, दोन्हींचा वेळ व डिझेल मोजावें, आणि वाफ्यांत पाणी सोडून तें कोठपर्यंत सारखें पोहोंचतें हें सर्वांनीं डोळ्यांनीं पहावें. पाणी खोटें बोलत नाहीं.

सारांश, ज्यास ब्लेडाचें, चरांचें, तालींचें किंवा उताराच्या बागेचें काम पुष्कळ आहे, त्यानें कुलुपी झडपेसह व बेताच्या वेगाची लिंक अवश्य घ्यावी. ज्याचें काम सपाट रानांत रोटावेटर फिरविण्यापुरतें आहे, त्यानें आपल्या साध्या लिंकेस ग्रीस घालावें, आट्यांवर रंगाच्या खुणा कराव्या, आणि वांचलेला पैसा जमिनीच्या सपाटीकरणास किंवा शेणखतास लावावा.